सिमेट्रिकल इंग्लिश: पांढऱ्याची आघाडी कुठे विरते?

प्यादेमोड: सिमेट्रिकल इंग्लिशमधला (म्हणजे १. सी४ ला काळ्याने सी५ ने तसंच उत्तर देणारी सुरुवात) डाव असा झाला (× म्हणजे मारणं). १. सी४ सी५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोडा सी३ घोडा सी६ ४. जी३ जी६ ५. उंट जी२ उंट जी७ ६. दोघांचं कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) ७. डी४ सी×डी४ ८. घोडा×डी४ घोडा×डी४ ९. वजीर×डी४ डी६ १०. वजीर डी३ ए६ ११. उंट डी२ हत्ती बी८ १२. ए१ चा हत्ती सी१ वर, बी५ १३. सी×बी५ ए×बी५. पुढे वजिराकडची प्यादी संपली, एकेक हत्ती आणि राजाच्या बाजूला चार-चार प्यादी उरली. बरोबरी. पांढऱ्याचं नेमकं कुठे चुकलं?

तिरकाउंट: १३ व्या चालीवर. सी४ चं प्यादं डी५ धरून बसलेलं असतं, ते स्वतःहून मारामारीत घालवू नका. १३. बी३ खेळा. बी×सी४, बी×सी४ झाल्यावर उंट एफ५ आला तर ई४, मग तो ई६ ला परततो. इथे लगेच घोडा डी५ वर टाकायचा मोह होतो, पण ए२ ची राखण तोच घोडा करतोय. तो हलला की काळ्याचा हत्ती बी२ वर उतरतो आणि ए२ धोक्यात येतं. म्हणून आधी सी१ चा हत्ती बी१ वर आणा, घोडा नंतर.

आणि काळ्याने ११... (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) हत्ती बी८ ऐवजी घाईने बी५ केलं, तर १२. उंट×ए८! कर्ण मोकळा झालेला असतो, हत्ती जातो. बी८ ची चाल त्यासाठीच आहे.

दोनघरं: बरोबर. पण डी४ वर घोडे मारले गेले की डाव हलका होतोच. लढत हवी असेल तर घोडा एफ३ वर आणायची घाई करू नका: १. सी४ सी५ २. जी३ जी६ ३. उंट जी२ उंट जी७ ४. घोडा सी३ घोडा सी६ ५. ए३, रोख बी४ वर. काळ्याने ए५ ने अडवलं तर बी५ चं घर कायमचं पडतं. ५... ई६ वर तर ६. बी४ लगेच चालतं: घोडा×बी४, ए×बी४ सी×बी४, डी४ बी×सी३, ई३. सी३ चं प्यादं पुढे परत मिळतं, म्हणजे हिशेबाने एकच प्यादं दिलं आणि ए फाइल (उभी रांग) उघडली. मात्र काळ्याने ए६, हत्ती बी८, बी५ अशी हुबेहूब नक्कल केली की पुन्हा आरसाच समोर येतो.

प्यादेमोड: म्हणजे १३. बी३. आणि शेवटच्या चार-चार प्याद्यांत काही होतं का?

तिरकाउंट: नाही. सगळी प्यादी एकाच बाजूला आणि मुक्त प्यादं (ज्याच्या वाटेत समोरचं प्यादं नाही असं) कुणाकडेच नाही, बचाव सोपा आहे. जिंकायचं असेल तर ए२ चं प्यादं पटावर राहू द्या.