दिवसभर धावपळ, पण हाती काय लागलं? तुमचे अनुभव लिहा

जुनीवही

परवा माळा आवरताना जुन्या नोकरीतल्या तीन डायऱ्या सापडल्या. मी दावे तपासणी विभागात होते. दर अर्ध्या तासाची नोंद करायची सवय होती, त्यामुळे पानं गच्च भरलेली. "१०.०० बैठक. ११.०० आढावा. ११.३० आढाव्याचं टिपण. १२.०० टिपणावर चर्चा." एक अख्खी डायरी वाचून काढली. वर्षभरात काय उभं राहिलं ते शोधत होते, सापडेना. घसा कोरडा पडेपर्यंत बोललेले दिवस आठवले, घरी मुलीवर चिडलेले आठवले. काम आठवेना.

मग दोन कोरी पानं लागली. त्यावर फक्त एक ओळ, "नेटवर्क बंद. काम नाही."

ते दोन दिवस मात्र मला लख्ख आठवतात. फोन बंद, संगणक बंद, म्हणून मी परत आलेल्या अर्जांचा गठ्ठा घेऊन बसले. तीनशेच्या आसपास असतील. जमिनीवर ढीग लावत गेले, कशासाठी परत पाठवला त्याप्रमाणे. सगळ्यात मोठा ढीग एकाच रकान्याचा निघाला. रकान्याचं नाव नुसतं "दिनांक". कोणी घटनेचा लिहायचं, कोणी अर्जाचा. आम्ही तो अर्ज परत पाठवायचो, माणूस पुन्हा रांगेत. मी पेन्सिलीने त्या रकान्याचे दोन रकाने केले आणि साहेबांना दाखवले. छापून यायला चार महिने लागले. त्यानंतर तो ढीग जवळपास संपलाच. मी निवृत्त झाले तेव्हाही तोच नमुना चालू होता.

आणि त्या दोन दिवसांपुढे मी माझ्याच हाताने लिहिलंय, "काम नाही". दोन दिवस झाले, ते डोक्यातून जात नाहीये. तुमच्याकडे असं काही घडलंय का? कुठल्याही कामाच्या जागेचं चालेल.

रातपाळी

"काम नाही" वाचून पोटात कालवलं हो ताई.

वॉर्डात ताप-नाडी-बीपी आम्ही तीन ठिकाणी लिहितो. खाटेच्या कागदावर, रजिस्टरमध्ये, मग संगणकात. महिन्याला मोजतात ते "नोंदी पूर्ण" किती. एका रात्री एक आजोबा काही बोलतच नव्हते, नोंदी सगळ्या ठीक. मी त्यांच्याजवळ वीसेक मिनिटं नुसती बसले. मग हळूच म्हणाले, गिळताना दुखतं. उशीखाली चार दिवसांच्या गोळ्या निघाल्या. कागदावर चारही दिवस "औषध दिले" अशी टिक होती, आणि ती खरीच होती, दिलं होतं सगळ्यांनी. सकाळी डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं. मला विचारणा झाली ती दोन नोंदी उशिरा का याची.

बसण्याला रकाना नाही. जाते, बेल वाजतेय.

त्रिज्या

बसमध्ये आहे, रात्री सविस्तर लिहिते. ताई डायरी शाईपेनाने लिहिलेली आहे का? माझ्या आईच्या वह्या इतक्या पुसट झाल्यात की वाचवत नाहीत, म्हणून विचारलं

जुनीवही

@त्रिज्या बॉलपेन होतं, निळं. छान टिकलंय. आईच्या वह्यांचे उजेडात फोटो काढून ठेवा लगेच, खिडकीजवळ तिरपा प्रकाश पडेल असे. माझी बहीण असेच काढते, पुसट अक्षरं बऱ्यापैकी उठून दिसतात.

@रातपाळी आजोबांचं वाचून गलबलून आलं. त्या वीस मिनिटांना तुमच्याकडे कुणी काम म्हणो न म्हणो, मी म्हणते.

लोखंडी

आमच्या शॉपमध्ये नवीन मॅनेजर आले. पहिलाच हुकूम, एकही मशीन उभं दिसता कामा नये. मग काय, सगळे सुटलो. पुढच्या मशीनला लागो न लागो, मागचं मशीन जॉब काढतंय, म्हणजे सुटे नग. माल ठेवायच्या पेट्या भरल्या, मग जमिनीवर, मग चालायच्या वाटेत. जो येईल तो म्हणायचा वा, काय जोरात काम चाललंय. डिस्पॅच मात्र आधी होतं तेवढंच, कारण शेवटचं ग्राइंडिंग मशीन एकच आणि ते दिवसाला ५० नगच देणार.

मग ड्रॉइंग बदललं. भोकाचं माप थोडंसं वाढलं. एवढं कळेपर्यंत वाटेत ६०० जॉब पडलेले, जुन्या मापाचे. त्यातले निम्मे भट्टीतून कडक होऊन आलेले होते, ड्रिल लागेना. भंगारात गेले. ते जॉब मी स्वतः काढलेले, रविवारी येऊन. त्या रविवारी माझ्या मुलाची मॅच होती.

नंतर एका ट्रेनिंगमध्ये कळलं की टोयोटाचे ताइइची ओहनो सात प्रकारच्या नासाडीत गरजेपेक्षा जास्त माल काढणं ही सगळ्यात वाईट नासाडी मानायचे, कारण बाकीच्या सगळ्या तिच्याखाली झाकल्या जातात. मला ट्रेनिंगची गरज नव्हती खरं तर, मी ते भंगार डोळ्यांनी बघितलं होतं.

कंसातला

लोखंडी दादा, तुमच्याच आकड्यांत बघा. ६०० नग वाटेत आणि रोज ५० बाहेर, म्हणजे आज आत गेलेला नग सरासरी १२ दिवसांनी बाहेर येणार. जॉन लिटल यांनी १९६१मध्ये हे सिद्ध केलं, त्यांच्याच नावाने ओळखला जातो हा नियम. आत कितीही कोंबा, बाहेर पडायचा वेग तोच राहिला तर फक्त वाट बघणं वाढतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कामं कधीही येतात आणि कुठलं किती वेळ खाईल ते ठरलेलं नसतं, अशा जागी एका माणसाचा ८० टक्के वेळ भरलेला असेल तर त्याच्यापाशी सरासरी ४ कामं असतात, हातातलं धरून. ९० टक्के भरला की ९. ९५ टक्के भरला की १९! अगदी साध्या रांगेचं गणित आहे हे, प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं. पण वळण तसंच राहतं. शेवटच्या पाच-दहा टक्क्यांसाठी आपण माणसाला पिळतो आणि तिथेच रांग फुगते. मी शिकवतो हे, आणि दर वर्षी वर्गात कुणीतरी विचारतं की मग कंपन्या असं का करतात. समाधानकारक उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

शिडी

कंसातला, तुमचं वाचून लिहितोय. मी अग्निशमन दलात. आम्हाला रिकामं बसलेलं बघून लोक बोलतात. गाडी उभी आहे म्हणूनच ती निघू शकते. एवढंच.

रातपाळी

@शिडी खरंय 🙏 आमच्या आयसीयूतला रिकामा बेड पण असाच

सदाफुली

शाळेत आहे मी. एक उपक्रम घ्यायचा, त्याचे पाच फोटो, अहवाल, पुन्हा तोच अहवाल दुसऱ्या नमुन्यात. परवा झाडांच्या पानांचा तास होता, मुलं रंगात आली होती आणि मीच म्हणाले, थांबा, सगळे इकडे बघा, पानं वर धरा. फोटो झाला. तास मोडला. पुन्हा बसलाच नाही. ती मुलं माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ना...

आता मी फोटो सुरुवातीलाच काढून घेते आणि फोन कपाटात ठेवते.

त्रिज्या

घरी पोचले. माझं सॉफ्टवेअरचं आहे. आधीच्या जागी दर शुक्रवारी कुणी किती ओळी कोड लिहिला याचा तक्ता यायचा. मी तीन आठवडे एक जुनी गुंतागुंत सोडवत होते, त्यात कोड कमी झाला, तक्त्यात माझ्यापुढे उणे आकडा. सगळ्यांसमोर विचारलं गेलं. मला बोलताच आलं नाही, नवीन होते.

खूप नंतर अ‍ॅपलच्या बिल अ‍ॅटकिन्सन यांची गोष्ट कळली. १९८२, लिसा संगणकावर काम चाललेलं, व्यवस्थापकांनी दर आठवड्याला ओळींचा आकडा भरायला फॉर्म दिला. अ‍ॅटकिन्सननी नुकताच चित्र काढणारा एक भाग नव्याने लिहिला होता, सहापट वेगवान आणि दोन हजार ओळींनी छोटा. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. हे मला तेव्हा माहीत असतं तर त्या दिवशी निदान मान वर करून उभी राहिले असते.

दौत

मी आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली. एका पत्राला उत्तर जायला सात सह्या. मसुदा मी करायचो, पुढचा "कृपया" घालायचा, त्याच्या पुढचा "कृपया" काढायचा. प्रत्येकाच्या टेबलावर ढीग, कुणीही आळशी नव्हता, संध्याकाळी खरोखर दमलेले असायचे सगळे. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. या विषयात लोकांना पाट्या टाकणारे म्हणून मोकळं होता येतं. आमच्याकडे तसं नव्हतं. माणसं जीव ओतून एकमेकांचं काम वाढवत होती.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५मध्ये नेमकं हेच मांडलं, जेवढा वेळ द्याल तेवढं काम पसरतं. त्यांनी ब्रिटिश नौदलाचे आकडे दिले होते. १९१४मध्ये मोठ्या युद्धनौका ६२, १९२८मध्ये २०. त्याच काळात नौदल मुख्यालयातले अधिकारी आणि कारकून मात्र २,०००वरून ३,५६९. जहाजं दोन तृतीयांश कमी झाली आणि कागद सांभाळणारे पाऊणपट वाढले. मी हे वाचलं तेव्हा माझी नोकरी अर्धी सरली होती. त्यानंतर मी एवढंच केलं, कुणाचा मसुदा बरा असला तर हात न लावता सही करून पुढे पाठवला. वरिष्ठ म्हणाले, तुम्ही वाचत नाही वाटतं.

फोनवरची

सगळ्यांचं वाचलं. थोडं खटकलं, सांगू का. जुनीवही ताई, माझी डायरी तुमच्या त्या गच्च डायरीसारखीच आहे, फक्त फोन. पण माझे फोन हेच माझं काम आहे. मालाच्या गाड्या कुठे आहेत, कुठल्या गोदामात जागा झाली, कुणाचा चालक आजारी पडला. दिवसभर बोलते आणि शेवटी दाखवायला काही नसतं, कारण सगळं सुरळीत झालेलं असतं. मागे चार दिवस रजेवर होते तर दोन गाड्या चुकीच्या गोदामात उतरवल्या. तेव्हा पहिल्यांदा लोकांना कळलं की मी काय करते.

म्हणून धावपळ दिसली की ती फुकटच, असं नका हो समजू.

जुनीवही

@फोनवरची तुमचं बरोबर आहे. माझ्याकडून सरसकट लिहिलं गेलं. तुमचं वाचून पुन्हा डायरी उघडली. दर मंगळवारी दुपारी "शाखांना फोन" अशी नोंद आहे. त्या फोनवर मी नवीन मुलींना अडलेल्या फाइली समजावून द्यायचे. तीही कामाचीच होती की. मघाशी त्या नोंदींवरून नजर नुसती सरकली होती.

हिरवाठिपका

मी दुसऱ्या बाजूचा. बारा जणांची टीम होती माझ्याकडे, सगळे घरून काम करणारे. नावापुढचा हिरवा ठिपका, म्हणजे माणूस संगणकावर असल्याची खूण, गेला की मी मेसेज टाकायचो, "आहेस का?" रोज सकाळी ४५ मिनिटं बैठक. बारा जण गुणिले ४५ मिनिटं म्हणजे रोज नऊ तास, एका माणसाच्या पूर्ण दिवसापेक्षा जास्त. हा हिशोब मी दोन वर्षं केला नाही.

मग माझं ऑपरेशन झालं, तीन आठवडे बैठक बंद. परत आलो तर कामं पुढे सरकली होती, एरवीपेक्षा नीट. एकच घोळ, दोघांनी एकच काम केलं होतं, एकमेकांना न सांगता. म्हणून बैठक पूर्ण काढली नाही, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं ठेवली.

खरं सांगायचं ते वेगळंच. टीममधल्या एका मुलीने नोकरी सोडताना मला सांगितलं की ठिपका हिरवा राहावा म्हणून ती बाळाला पाजताना एका हाताने माउस हलवायची. मी तिची माफी मागितली, ती म्हणाली ठीक आहे सर. ठीक नव्हतं. हे वाचणारं कुणी माझ्या तेव्हाच्या जागेवर असेल तर आजच तो ठिपका बघणं थांबवा, ही कळकळीची विनंती.

त्रिज्या

@हिरवाठिपका सर, लिहिलंत ते बरं केलंत. तब्येत कशी आहे आता?

हिरवाठिपका

बरी आहे, धन्यवाद. चालतो रोज.

लोखंडी

माझा तो मुलगा आता स्वतः मॅच खेळवतो, पंच आहे. रविवारी मी जातो बघायला. विषय नाही पण सांगावंसं वाटलं

सदाफुली

छान वाटलं वाचून दादा

रातपाळी

ड्युटी संपली. जुनीवही ताई, एक काम आहे. आमच्या दाखल करायच्या कागदावर पण नुसतं "वेळ" लिहिलंय. त्रास सुरू झाल्याची की आणल्याची? प्रत्येक जण वेगळं लिहितं आणि पुढच्या पाळीला नातेवाइकांना पुन्हा विचारावं लागतं. तुम्ही तेव्हा साहेबांना कसं दाखवलंत? मी बोलले तर म्हणतील आहे तो चालतोय.

जुनीवही

@रातपाळी बोलू नका, ढीग दाखवा. आठवडाभराचे कागद घ्या, नावं झाकून. ज्यात वेळेवरून गोंधळ झाला ते एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. दोन्ही ढीग टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि सोबत पेन्सिलीने दुरुस्त केलेला एकच कागद. मी एवढंच केलं होतं. आणि मेट्रनबाईंना सकाळी गाठा, राउंडच्या आधी.

रातपाळी

सोमवारी दिवसपाळी आहे. मंगळवारपर्यंत ढीग लावते.