मदत हवी आहे: शाळा, आशाताई आणि आरोग्य पथक यांचा मेळ कसा घालता?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चौथीतली एक मुलगी सारखी हातपाय दुखतात म्हणून घरी राहते. तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे हे मला आशाताईंकडून कळलं, तेही आठवडी बाजारात. तिच्या आजाराचं कार्ड आईच्या पिशवीत. वारंवार पाणी प्यायला द्या, थंडीत अंग झाकू द्या, उन्हात दमवू नका, ताप आला तर लगेच दवाखान्यात न्या, हे शाळेला कुणी सांगितलंच नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणी करून चिठ्ठी देतं. पुढे त्या चिठ्ठीचं काय होतं ते ना आम्हाला कळत, ना अंगणवाडीताईंना. कामचुकार कुणीच नाही, पण जो तो आपलंच रजिस्टर भरतो.

तुमच्याकडे शिक्षक, आशा, एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई) आणि समुदाय आरोग्य अधिकारी नियमित एकत्र बसतात का? बोलावतं कोण, मुख्याध्यापक की उपकेंद्र? पालकांची संमती कशी घेता? मुलीच्या आजाराची गावात चर्चा होऊन उद्या तिच्या लग्नात अडचण येईल, ही आईची भीती मला खरी वाटते. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप नको. दुसरं काय जमलं, ते सांगा.