ट्रेनिंगची वाट बघण्यात गेलेले महिने बाँडमध्ये का धरत नाहीत?

अंगणवेल

बरेच दिवस मनात आहे ते आज लिहितेच. माझा मुलगा इथेच टेक्सासमध्ये वाढला, कॉलेजबरोबर आरओटीसी, म्हणजे ऑफिसर होण्याचं लष्करी शिक्षण केलं आणि गेल्या मे महिन्यात अमेरिकेच्या हवाई दलात सेकंड लेफ्टनंट झाला. पायलटसाठी निवड झालेली, मेडिकल झालेलं, सगळं झालेलं. आता मार्च उजाडला तरी पायलट ट्रेनिंगचा पत्ता नाही. या काळाला तिकडे कॅज्युअल स्टेटस म्हणतात, म्हणजे तळावर रोज हजर व्हायचं आणि ज्या ऑफिसात माणूस कमी आहे तिथे जाऊन पडेल ते काम करायचं. याने पहिले दोन महिने श्रेडरमध्ये कागद घातले, आधी प्रत्येक गठ्ठ्याच्या पिना काढायच्या कारण पिन गेली की मशीन अडकतं. मग जिमच्या काउंटरवर टॉवेल दिले, पाहुण्यांची व्हॅन चालवली, आणि सध्या कोणाचा कुठला ऑनलाइन कोर्स राहिलाय त्याची यादी करून त्यांना मेल करतो. तळाचं नाव देत नाही, तिथल्या लोकांचा दोष नाहीये, त्यांनाही ही मुलं सांभाळायची म्हणून सांभाळावी लागतात.

डिसेंबरमध्ये घरी आला होता. सकाळी मी पोळ्या करतेय आणि हा डायनिंगच्या खुर्चीत बसलेला, समोर भिंतीवर टी-६ या ट्रेनिंगच्या विमानाच्या कॉकपिटचं मोठं पोस्टर चिकटवलेलं, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधे नवा कोरा बाथरूमचा रबरी पंप उभा धरलेला, तीच त्याची स्टिक. डावा हात हवेत, तिथे थ्रॉटल. डोळे मिटून तोंडाने पुटपुटत अख्खं टेकऑफ करत होता. यांच्यात सगळेच अशी खुर्चीतली विमानं उडवतात म्हणे. मग माझ्या हातात एक कागद दिला, आणीबाणीच्या वेळी काय करायचं त्या ओळी, त्याला बोल्डफेस म्हणतात, त्या शब्दाला शब्द पाठ पाहिजेत. आई, विचार. मी कणकेच्या हाताने कागद धरून विचारत होते आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला की हा परत पहिल्यापासून सुरू. एवढी भूक असलेल्या पोराला आपण टॉवेल मोजायला बसवतो याचं मला फार वाईट वाटलं.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. पायलटला १० वर्षं नोकरी बांधील असते, हाच बाँड, आणि ती १० वर्षं विंग्ज, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर मिळणारा पायलटचा बिल्ला, छातीवर लागल्या त्या दिवसापासून मोजतात. ट्रेनिंग साधारण वर्षभराचं. म्हणजे वाट बघितलेलं वर्ष, ट्रेनिंगचं वर्ष आणि वर १० वर्षं. वाट बघायला लावली त्यांनी, आणि ती भरायची याने. माझं म्हणणं एवढंच की ट्रेनिंगचं वर्ष धरू नका हवं तर, पण सहा महिन्यांच्या पुढे जितके दिवस रांगेत ठेवलंत तितके बाँडमधून वजा करा. तुम्हाला काय वाटतं?

फायलीत_अडकलेला

ताई, राग मानू नका पण मला हे अजिबात पटलं नाही. तुमच्या मुलाला महिन्याला ४ हजार डॉलरच्या आसपास मूळ पगार मिळतोय, वर घरभाडं, मेडिकल. आमच्याकडे स्पर्धा परीक्षा पास होऊन यादीत नाव लागतं, गावात फ्लेक्स लागतात, पेढे वाटून होतात आणि मग नियुक्तीपत्राची वाट सुरू होते. कधी कोर्टात केस, कधी आरक्षणाचा प्रश्न, कधी नुसतीच फाइल हलत नाही. मी स्वतः १४ महिने बसलोय. एक रुपया पगार नाही, सिनियॉरिटी नाही, दुसरी नोकरी धरावी तर उद्या पत्र आलं तर काय, आणि ज्यांनी पेढे खाल्ले तेच विचारतात अजून जॉइन नाही झालास का. मला त्या १४ महिन्यांत कोणी श्रेडरवर बसवलं असतं तरी मी आनंदाने पिना काढल्या असत्या.

आणि बाँडचं म्हणाल तर तो सही करतानाच माहीत होता ना. विमान उडवायला शिकवायला सरकारचा जो पैसा जातो तो वसूल व्हायला नको? टॉवेल देऊन तो वसूल होत नाही, म्हणून तो काळ धरत नाहीत. सरळ हिशोब आहे.

तळेगावकर

मी आयटीतला. आमच्याकडे याला बेंच म्हणतात, प्रोजेक्ट नाही, पगार चालू, रोज लॅपटॉप उघडून बसायचं. पहिले दोन आठवडे मजा वाटते, नंतर माणूस आतून गंजतो, स्वतःवरचा विश्वासच जातो. पण बेंचवरचा माणूस कंटाळला तर राजीनामा टाकून निघू शकतो, या मुलाला ते करता येत नाही. तेव्हा अडकलेला भाऊंचं दुःख खरं असलं तरी एकाचं वाईट झालं म्हणून दुसऱ्याचं बरोबर ठरत नाही. अंगणवेल यांच्याशी सहमत.

एक शंका. इतकी रांग लागतेच का? पायलट कमी आहेत असं तर वर्षानुवर्षं ऐकतोय.

अंगणवेल

तेच तर. हवाई दलाचं लक्ष्य वर्षाला १५०० नवे पायलट असं आहे आणि ते गाठता येत नाहीये, तरी दारात मुलं उभी. कारण साधं आहे हो, अकॅडमीची आणि आरओटीसीची बहुतेक मुलं मे-जूनमध्ये एकदम बाहेर पडतात आणि ट्रेनिंगच्या बॅच मात्र वर्षभर थोड्या थोड्या सुरू होतात. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं तरी जूनमधल्या शेवटच्या मुलाला कित्येक महिने थांबावंच लागणार. त्यात विमानं. टी-३८ हे जेट १९६१ पासून ट्रेनिंगला आहे, आजोबांनी उडवलेलं नातू उडवतोय. त्याच्या जागी टी-७ची ऑर्डर २०१८ मध्ये दिली, ३५१ विमानांची, आणि ते लांबतच गेलं. २०१८च्या फेब्रुवारीत टी-६ मध्ये पायलटना ऑक्सिजनचा त्रास व्हायला लागला म्हणून सगळीच्या सगळी विमानं जवळजवळ महिनाभर जमिनीवर होती. असा एक महिना गेला की मागची पूर्ण रांग एक महिना मागे सरकते आणि तो महिना परत कधीच भरून निघत नाही.

अडकलेला, तुमचे १४ महिने वाचून वाईट वाटलं. खरंच. पण त्यामुळे तर तुम्ही माझ्या बाजूला यायला हवं, कारण वाट बघायला लावणाऱ्याने त्याची किंमत द्यावी एवढंच मी म्हणतेय.

सार्जंटकाका_नाशिक

मी भारतीय हवाई दलात टेक्निशियन होतो, सार्जंट म्हणून निवृत्त. उमेदीची बरीच वर्षं किरण या ट्रेनिंगच्या जेट विमानांवर गेली. ताई, तुमच्या मुलाबद्दल आपुलकीच आहे, पण उलट बाजू सांगतो.

आपल्याकडे पद्धत वेगळी. आधी उडवायला शीक, मग ऑफिसर हो. एनडीएतून किंवा बाहेरून आलेली मुलं दुंडीगलच्या अकॅडमीत फ्लाइट कॅडेट असतात, वर्षभर महिन्याला ५६,१०० स्टायपेंड, आणि उडवणं जमलं तरच पायलट म्हणून खांद्यावर पट्टी. त्यामुळे पट्टी लागलेला मुलगा महिनोन्‌महिने टॉवेल देतोय असं दृश्य नाही दिसत. पण अडचण आपल्यालाही सुटलेली नाही. २००९च्या जुलैत एचपीटी-३२ विमानाला अपघात झाला, दोन इन्स्ट्रक्टर गेले आणि ते विमान कायमचं बंद केलं. नव्या मुलांना पहिलं उड्डाण शिकवायचं विमानच राहिलं नाही. स्विस पीसी-७चा करार झाला २०१२ मध्ये. मधली वर्षं सगळा भार आमच्या किरणवर. पहाटे चारला हँगर उघडायचो आम्ही.

तर माझा मुद्दा. आमच्याकडे टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, एक बोर्ड असायचा, प्रत्येक पान्याच्या आकाराची सावली त्यावर रंगवलेली. संध्याकाळी एक सावली जरी रिकामी दिसली तरी फ्लाइंग बंद. तो पाना इंजिनात नाही ना, कंट्रोलच्या तारांत नाही ना, हे कळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. एकदा दहा मिलिमीटरच्या एका पान्यासाठी आम्ही रात्री साडेअकरापर्यंत पावसात गवतातून गुडघ्यावर फिरलोय. एक तरुण पायलट ऑफिसर, पायाला लागलं म्हणून तेव्हा त्याला फ्लाइंग नव्हतं, तोही आमच्याबरोबर टॉर्च घेऊन होता. पाना त्यालाच सापडला. पुढे तो फिट होऊन उडायला लागल्यावर विमानाचे कागद सही करताना आम्हाला जे प्रश्न विचारायचा ते दुसरा कोणी विचारत नसे, आणि आम्ही जेव्हा म्हणायचो की साहेब हे विमान आज नको, तेव्हा त्याने एकदाही का म्हणून वाद घातला नाही. जमिनीवरचे ते महिने त्याचे वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही. वाट बघायला लागणं वाईट नाही, वाट बघताना कुठे बसवता ते बघा.

पाऊसवेडी_लंडन

काकांचा प्रतिसाद फार आवडला, पण वाट बघण्यालाही मर्यादा असते हो. आमच्याकडे ब्रिटनमध्ये याला होल्ड म्हणतात. इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा २०१९चा अहवाल आहे, फायटर पायलट तयार व्हायला ३.९ वर्षं लागायला हवीत तिथे सरासरी ७.१ वर्षं लागत होती आणि तेव्हा साडेतीनशेच्या आसपास मुलंमुली होल्डवर होती. सात वर्षं! एकविसाव्या वर्षी आलेली मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षी स्क्वाड्रनवर पोचणार. २०१०ला सरकारने ठरवलं पायलट कमी लागतील, ट्रेनिंगची सगळी व्यवस्था त्या मापाने बेतली, २०१५ला ठरवलं जास्त लागतील, आणि मापात बसेना. नंतर वेल्समधल्या व्हॅलीच्या तळावर हॉक जेटच्या इंजिनांनी दगा दिला. आता तर भारतीय हवाई दलाचे इन्स्ट्रक्टर तिथे येऊन शिकवणार असं ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी जाहीर केलंय, मला ते वाचून अभिमानच वाटला.

सांगायचं म्हणजे ही शिस्त शिकवायची योजना वगैरे काही नसते, नियोजन चुकलेलं असतं आणि ते झाकायला मुलांना कामं दिली जातात. हातात आलेलं कसब जातं त्याचं काय? अमेरिकेत तर बरीच वर्षं कोलोरॅडोत प्युएब्लोला छोट्या विमानावर आधी काही तास उडवून घ्यायचे आणि मग परत रांगेत. गाडी शिकून वर्षभर स्टिअरिंगला हात लावला नाही तर काय होतं ते आठवा.

फायलीत_अडकलेला

लंडनचे आकडे भयंकर आहेत, मान्य. पण ताईंच्या मूळ मागणीला माझा विरोध अजून तसाच आहे. बाँड कमी केला तर पायलट लवकर बाहेर पडून एअरलाइनला जाणार, मग इन्स्ट्रक्टर आणखी कमी, मग रांग आणखी लांब, आणि मग तुमच्या मुलाच्या मागचा मुलगा दोन वर्षं टॉवेल देणार. त्याच्या आईला काय सांगायचं? आपल्याकडे कॅगच्या अहवालात आहे, २०१५ला ४८६ पायलट कमी होते ते २०२१ अखेर ५९६ झाले. तुटवडा असताना कोणी बाँड कमी करत नाही.

आणि वाट बघण्याचे दिवस अगदीच वाया जातात असंही नाही ना, प्रमोशनला धरतात, पेन्शनला धरतात. फर्स्ट लेफ्टनंट दोन वर्षांनी व्हायचा तो होणारच, रांगेत असला तरी.

अंगणवेल

हा मुद्दा खरा आहे आणि यावर मी काल रात्री बराच विचार केला. प्रमोशनला धरतात हे मी आधी लिहायला हवं होतं. पण मग प्रमोशनला, पेन्शनला जो काळ नोकरी म्हणून धरता तोच बाँडच्या वेळी नोकरी नाही असं कसं? आणि कायद्यात जेट पायलटसाठी किमान ८ वर्षं आहेत, १० हवाई दलाने स्वतः ठरवलेत. म्हणजे दोन वर्षांची जागा त्यांच्याच हातात आहे, संसदेत जायला नको. त्यातले सहा-आठ महिने दिले म्हणून एअरलाइनला लोंढा लागणार नाही. उलट हिशोबात धरावे लागले की रांग लांबवणं महाग पडेल आणि मग कोणीतरी वरच्या खुर्चीत बसून रांगेकडे बघेल. आज ती फुकट आहे म्हणून कोणी बघत नाही.

तळेगावकर

हे शेवटचं वाक्य पटलं. बेंचचंही तसंच, क्लायंट पैसे देत नाही तेव्हाच मॅनेजरला आम्ही दिसतो.

फायलीत_अडकलेला

मी अजून असहमतच. सहा महिने वजा करा म्हणालात की उद्या आजारपणाचे, परवा विमान बिघडल्याचे असं सगळंच वजा करा म्हणतील. पण रांगेला किंमत लावा हे आमच्या नियुक्त्यांना लागू केलं तर मात्र मी पहिली सही करतो. निकालापासून तीन महिन्यांनंतर पगार सुरू, पत्र कधीही देऊ देत.

अंगणवेल

त्याला माझीही सही.

काकांचा पान्याचा प्रसंग मी मुलाला फोनवर वाचून दाखवला, त्याला मराठी वाचता येत नाही पण समजतं सगळं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला परत वाच. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना विचारलं की मेल पाठवण्याऐवजी मला मेंटेनन्सकडे हँगरमध्ये पाठवता का. सोमवारपासून जातोय. बाँडबद्दलचं माझं मत आहे तसंच आहे, पण काका, तुमचे आभार.

सार्जंटकाका_नाशिक

शाब्बास. इथे ओझरच्या विमान कारखान्यातही एचटीटी-४० ट्रेनर बनवायची दुसरी लाइन २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आहे, आकाशात आवाज आला की मी अजून अंगणात येऊन बघतो. त्याला सांगा, पहिल्या दिवशी हँगरमध्ये जाताना खिसे पूर्ण रिकामे कर, नाणी, किल्ली, पेनाचं टोपणसुद्धा. आणि तिथल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियनला शोध, त्याच्या मागे मागे राहा, पहिला आठवडा काही विचारू नको, फक्त बघ.