फ्रीजचं नाव वॉशिंग मशीनवर! तुमच्या घरात कुठलं होतं?

पेठेतली लेक
काल कोल्हापुरात राजारामपुरीच्या पाचव्या गल्लीतनं येताना दुकानाच्या काचेत वॉशिंग मशीन दिसलं आणि त्याच्यावर लिहिलेलं केल्व्हिनेटर. पाय तिथंच थांबले. आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात केल्व्हिनेटरचा फ्रीज होता, क्रीम रंगाचा, जाड हँडलचा, दार लावलं की धप्प आवाज व्हायचा. उन्हाळ्यात कुणाच्यात पाहुणे आले की बर्फाला पोरं आमच्यात यायची, आई उलथन्यानं ट्रे सोडवून द्यायची आणि वर ट्रे परत आणून द्या म्हणून बजवायची. त्या नावाचं मशीन दिसलं असतं तर तिनं किंमतसुद्धा विचारली नसती, एवढा विश्वास. तुमच्याकडं पण असं झालंय का, फ्रीजचं नायतर मिक्सरचं नाव बघून मशीन घेतलंय? लिहा, वाचायला आवडेल.

रंकाळ्याचा वारा
आमच्यात गोदरेज. आधी कपाट, मग फ्रीज, मग मशीन. आजी तिन्हीला गोदरेजच म्हणायची, "गोदरेजातली चादर काढ" म्हटलं की आम्ही आधी कपाट उघडायचो आणि चादर मशीनमध्ये ओली 😀

मोटरवाला_उद्यमनगर
ताई ते केल्व्हिनेटर नाव लै फिरलंय. मूळ अमेरिकेतलं, डेट्रॉइटचं, १९१४ चं, सुरुवातीला फक्त थंडाव्याचा धंदा, लॉर्ड केल्व्हिनवरनं नाव. आपल्याकडं तुमच्या घरातल्यासारखे फ्रीज केल्व्हिनेटर ऑफ इंडिया बनवायची, फरिदाबादला कारखाना. १९९५ च्या सुमारास ती कंपनी व्हर्लपूलनं घेतली पण नाव पुढं इलेक्ट्रोलक्सकडं गेलं आणि २०२५ मध्ये रिलायन्स रिटेलनं विकत घेतलं. म्हणजे आईंचा फ्रीज आणि काचेतलं मशीन यांच्यात नाव सोडलं तर काहीच नातं नाही. मशीन वाईट आहे असं म्हणत नाही, फक्त फ्रीजच्या पुण्याईवर घेऊ नका.

पेठेतली लेक
@मोटरवाला अहो दादा, हे वाचून वाईटच वाटलं. पण बरं झालं सांगितलंत.

कळंबा रोड
व्हर्लपूलचं उलटं आहे बघा, ते १९११ ला कपडे धुवायच्या मशीनपासनंच सुरू झालं आणि फ्रीज नंतर. आमच्यात टीव्हीएस व्हर्लपूल होतं, वडील म्हणायचे लुनाच्या कंपनीचं मशीन

मोटरवाला_उद्यमनगर
लुना कायनेटिकची ओ 🙏 टीव्हीएसची मोपेड वेगळी. आणि आयएफबी माहिती आहे का, इंडियन फाइन ब्लँक्स, १९७४ ची. फाइन ब्लँकिंग म्हणजे प्रेसवर पत्र्यातनं अशी कडा कापायची की नंतर कानस लावायला नको. आमच्या उद्यमनगरातल्या कारखान्यातल्या माणसाला विचारा हे काम काय असतंय ते. तिथनं ते लोक वॉशिंग मशीनकडं आले आणि मशीनवरनं स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हला. मला त्यांचा लै आदर आहे.

सासनेची सून
आमचा अनुभव चांगला नाही. ज्या मिक्सरनं वीस एक वर्षं तांबड्या-पांढऱ्याचं वाटण काढलं, सुकं खोबरं, तीळ, खसखस काय टाकेल ते, त्याच नावाचं सेमी ऑटोमॅटिक घेतलं (नाव लिहीत नाही) आणि टायमर गेला तर कोल्हापुरात पार्ट नाही, सांगलीत नाही, फोन केला की "दोन दिवसात माणूस येईल". सासूबाईंनी बादली काढली आणि मला काही बोलल्या नाहीत हेच जास्त लागलं. मिक्सर मात्र अजून चालू!!

चंदगडची माई
अगं बाई. वाटणात खसखस किती घालतेस? माझा पांढरा रस्सा फुटतो

सासनेची सून
@माई खसखस, काजू भिजवून एकदम बारीक, आणि नारळाचं दूध शेवटी, नंतर उकळी आणायची नाही

मोटरवाला_उद्यमनगर
वहिनी, घ्यायच्या आधी मशीनच्या मागचा स्टिकर वाचायचा. बनवणारा कोण, विकणारा कोण, दोन्ही लिहिलेलं असतंय. पुष्कळदा नाव एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा. मग पार्ट कुणाकडं मागायचा ते दुकानातच विचारून घ्यायचं. फ्रीजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतोय, त्याला पाणी लागत नाही, साबण लागत नाही. मशीनचा जन्म जातोय पाण्यात आणि हादऱ्यात. ज्याला फ्रीज जमला त्याला बेअरिंगचं सील जमेलच असं नाही. जुनं फ्रंट लोड घेत असाल तर प्लग काढून ड्रम हातानं फिरवा, घरघर आली तर सोडून द्या.

जयंती नाला
२०१९ च्या पुरात आमचं मशीन तीन दिवस पाण्यात. २०२१ ला परत पूर. नाव कुठलं का असेना पंचगंगेला काय त्याचं. दुसऱ्या वेळेला नदीचं पाणी ३९ फुटाला, म्हणजे इशारा पातळीला गेल्यावरच आम्ही फ्रीज आणि मशीन दोन्ही माळ्यावर चढवलं, शेजारची पोरं आली उचलायला, त्यांचं स्वतःचं घर राहिलं होतं आवरायचं.

रंकाळ्याचा वारा
खरं आहे भावा. तुमच्या गल्लीतली पोरं म्हणजे सोनं.

मोटरवाला_उद्यमनगर
पुराचं मशीन सुकलं दिसलं तरी प्लग लावायचा नाही. मोटर खोलून, वाळवून, तपासून मगच.

न्यू जर्सीतनं
मूळ गाव कागल. इथं माझ्या भाड्याच्या घरात फ्रिजिडेअर या फ्रीजच्या नावाचं वॉशर आहे, आणि हे नाव १९७९ पर्यंत जनरल मोटर्सकडं होतं, म्हणजे शेवरोलेवाले! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली फ्रीजमध्ये कपडे कशाला घातलेस. तिला समजावता समजावता दोघी रडेपर्यंत हसलो. लै आठवण येते घरची.

कळंबा रोड
कागलला येऊन जा की. बोअरच्या पाण्यानं आमच्या फ्रंट लोडच्या हीटरवर पांढरा थर बसलाय, कुणी काय करतंय?

चंदगडची माई
लिंबूसत्व घालून रिकामं गरम पाण्यावर लाव, कपडे न घालता. महिन्यातनं एकदा. थेट पाईपलाईनचं, म्हणजे धरणाचं पाणी असेल तर त्यावरच लाव, बोअरचं बंद कर.

सासनेची सून
@मोटरवाला दादा टायमरचा पार्ट तुमच्याकडं बघता का? मागचा स्टिकर फोटो काढून पाठवते संध्याकाळी, आता दूध उतू जातंय