एकाच टोमॅटोभोवती सगळं गणगोत: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीनंतर आमचं अख्खं आजोळ नारायणगावजवळ मामाच्या मळ्यावर जमणार आहे. पणजीपासून रांगत्या बाळापर्यंत पस्तीसेक माणसं. दरवर्षी तीच पावभाजी आणि त्याच अंताक्षऱ्या. यंदा मावसबहिणीनं टूम काढलीय, सगळं टोमॅटोचं! बेत, खेळ, कपडेसुद्धा. मामा म्हणतो, "माल माझा, बाकी तुमचं तुम्ही निस्तरा." कुणी असा घाट घातला असेल तर काय जमलं, काय फसलं, कोण रुसलं, सगळं लिहा.

पुणे
बेत कसले करताय, फेकाफेकी ठेवा! स्पेनमध्ये बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी ला टोमाटिना असतं. तासभर नुसता लाल चिखल. लागू नये म्हणून टोमॅटो चेचून मगच फेकायचा, असा नियम आहे.

पिंपळगाव बसवंत
वरच्या प्रतिसादावर लिहिल्याशिवाय राहवेना. आम्ही टोमॅटो लावतो. भाव पडला की वीस किलोच्या क्रेटमागे तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंसुद्धा सुटत नाही. तेव्हा आम्हीच रस्त्याकडेला माल ओतलाय. २०२३च्या जुलैत हाच टोमॅटो शहरात किलोला शंभराच्या वर होता! ज्यानं स्वतःच्या हातानं ओतलाय त्याला फेकाफेकीची गंमत वाटेलच असं नाही, तेव्हा आधी मामांना विचारा.

आमच्याकडे पोरं हटून बसली, तेव्हा वडिलांनी तोड काढली. तडकलेले, किडके वेगळे काढले, बांधावर पत्र्याच्या डब्यांची उतरंड रचली आणि नेम डब्यांवर धरायचा, माणसांवर नाही. सगळ्यात पक्का नेम निघाला थोरल्या काकूंचा. हां, फवारणी कधी झालीय ते विचारूनच पोरांना मळ्यात सोडा.

नागपूर
आम्ही कच्च्या टोमॅटोच्या चटणीची चुरस लावली होती. प्रत्येक घरानं आपापली करून आणायची. कुणी तीळ घातले, कुणी शेंगदाणे, एकीनं जवस. वाट्यांवर फक्त नंबर, परीक्षक आजेसासूबाई. पहिला नंबर जावयाचा आला. चटणी त्यानंच वाटली होती, हे सासूबाई अजून मानत नाहीत.

डोंबिवली
पस्तीस माणसांना सार करणार असाल तर टोमॅटो आदल्या रात्रीच शिजवून, गाळून ठेवा. नारळाचं दूध अगदी शेवटी, मंद आचेवर. उकळी फुटू दिलीत तर फाटतं. गूळ हात राखून घालू नका, आणि तुपाची फोडणी जिऱ्याचीच. हौसेनं पितळी पातेलं काढणार असाल तर कल्हई शाबूत आहे का बघा, नाहीतर आंबटानं सार कळकतं. टोमॅटो ऑम्लेटच्या फंदात पडू नका. करणारी बाई दिवसभर तव्यापाशीच उभी राहते आणि फोटोत कुठेच नसते.

सांगली
मुतखड्याचं पथ्य कुणाला, पित्त कुणाला, हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे निम्मे वडीलधारे दहीभातावर जेवले.

न्यू जर्सी
इथं परसातला टोमॅटो ऑगस्टमध्ये एकदम पिकतो, मग मराठी घरं मिळून संपवतो. ग्रिलवर साल काळी होईस्तो भाजायचा, लसूण-मिरचीसकट कुस्करायचा. हे भरीत, ज्वारीची भाकरी, कांदा. इथं वाढलेली आमची मुलं एरवी भाकरीला नाकं मुरडतात, त्या दिवशी मागून घेतात.

कोल्हापूर
लाल कपड्यांची सक्ती तेवढी करू नका. आमची आजी आजोबांच्या मागं लाल नेसत नाही. पोरींना वाटलं, आता ही खोलीतच बसणार. ती हिरवंगार लुगडं नेसून बाहेर आली आणि म्हणाली, "मी अजून पिकायची हाय."