घरातलं माणूस ‘मी देव मानत नाही’ म्हणालं, तेव्हा तुम्ही काय केलंत? नाशिककर, अनुभव लिहा

गोदाकाठची

गेल्या वर्षी सासरे गेले. दशक्रिया रामकुंडावर. भावकीतले सगळे धाकटे वस्तऱ्याखाली बसले, माझा मुलगा बसला नाही. २६ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरीला. ‘मी मानत नाही आई, मग दाखवायला कशाला करू,’ एवढंच म्हणाला, तेही हळू आवाजात. चुलत सासऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘हेच शिकवलंस का?’ यजमान शेजारीच उभे होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. असो.

पुढे पिंडाला कावळा शिवेना. रामकुंडावरचे कावळे पोटभर जेवलेले, त्यांना कसली घाई! तास गेला. ‘दादा, नातीचं लग्न थाटात करू’, ‘दादा, वाटणीवरून भांडणार नाही’, मोठ्या दिरांनी तर ‘तुमचा तांब्याचा बंब विकणार नाही’ असाही शब्द दिला. कावळा हलेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला. हा सगळा वेळ मुलगा आजीच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत ओली. रिक्षात बसल्यावर म्हणाला, ‘दर्भाचा चालतो, तर आजीला तासभर उन्हात का बसवलं?’

मला उत्तर आलं नाही, आणि आलं नाही म्हणून राग आला. तीन आठवडे फोन केला नाही. मग एकदा केला तर पहिलाच प्रश्न चुकीचा: ‘तुला आम्ही काय कमी केलं?’ जणू तो व्यसनाला लागला होता.

देव आहे की नाही यावर इथे वाद नको. तो घालून माझा घसा बसलाय. तुम्ही काय केलंत, काय चुकलं, तेवढंच लिहा. न मानणाऱ्यांनीही लिहा.

टाळकरी

सातपूरला कंपनीत फिटर होतो, आता रिटायर. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूर बऱ्याच वेळा चाललोय. जादूटोणाविरोधी कायद्याचं चाललं होतं तेव्हा त्याच्या विरोधात मोर्चे निघत. वारी बंद करतील, कीर्तन बंद करतील असं आम्हाला सांगितलेलं. एका मोर्चात मीपण होतो, घोषणा देत. मुलगी तेव्हा कॉलेजात. ती देव मानायची सोडून कायद्याच्या बाजूची झालेली. घरात दोन पक्ष, मधे माझी बायको.

२०१३ ला कायदा झाला. मुलीने छापील प्रत आणून जेवायच्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाली, ‘अण्णा, आता तरी वाचा.’ वाचली. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साप चावलेल्याला दवाखान्यात न नेता मंत्र घालत बसणं, गर्भाचं लिंग बदलून देतो म्हणणं, यावर बंदी. आणि पुढे स्वतंत्र कलमात लिहिलंय की प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. मी ज्यासाठी घसा फोडला ते त्यात मुळातच सोडून दिलेलं! वाचायला अर्धा तास लागला असेल.

त्यानंतर आमच्या गल्लीत एक बाबा आला, पाण्यात बघून चोर सांगायचा. शेजारची बाई मंगळसूत्र मोडून त्याला पैसे द्यायला निघाली होती. मुलगी एकटी गेली असती तर ‘धर्मबुडवी’ म्हणून हाकलली असती. मी गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का लावून तिच्याबरोबर गेलो. बाबा दुसऱ्या दिवशी गल्लीत नव्हता. पोरगी अजून मानत नाही, मी मानतो. वारीची पिशवी भरायला मात्र तीच येते, गुडघ्याचा पट्टा विसरतो म्हणून.

सिडकोतला न मानणारा

वय २४. काका, तुमच्यासारखे बाप भेटावेत. आमच्या आईने वाद घातला नाही, व्हॉट्सॲप लावलं. रोज सकाळी एक व्हिडिओ: शंखाच्या आवाजाने जंतू मरतात, नासाने अमुक मंत्र मान्य केला. मी एकेक खोडून पाठवायचो. खरं सांगू? माझा उरलासुरला विश्वास त्या व्हिडिओंनी घालवला. आजी देव्हाऱ्यापुढे बसायची तेव्हा नासाचं सर्टिफिकेट लागायचं नाही, तिचं बसणं मला कधी खोटं वाटलं नाही. मानणाऱ्यांना एक विनंती, विज्ञान उसनं आणू नका. श्रद्धा आहे तर आहे म्हणा.

जुना मास्तर

संस्कृत शिकवत असे, म्हणून थोडं पाल्हाळ. आपल्या परंपरेत ‘नास्तिक’ म्हणजे वेद न मानणारा. देव न मानणारा तो निरीश्वरवादी. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखा, आस्तिक गणली जातात, आणि दोन्हींना जग चालवायला ईश्वर लागत नाही. यज्ञावर सगळ्यात जास्त लिहिणारे मीमांसक, आणि त्यांच्याकडेच ईश्वराला काम नाही!

पांडवलेण्यात क्रमांक १० च्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ब्राह्मणांना तीन लाख गायी दिल्या, देव-ब्राह्मणांना सोळा गावं दिली, आणि त्याच माणसाने हे लेणं कोरून बौद्ध भिक्षूंना वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, दिलं. एकाच लेखात दोन्ही दानं. आपण रविवारी तिथे पायऱ्या चढून दमतो, फोटो काढतो आणि न वाचता उतरतो.

टाळकरी

मास्तर, हे पोरांना सांगून पटतं का?

जुना मास्तर

पटत नाही. माझा नातू म्हणतो, ‘आजोबा, सांख्य राहू द्या, मला श्रावणात अंडं खाऊ देणार का ते सांगा.’ बाहेर खाऊन ये म्हटलं.

त्रिरश्मी

आमच्या घरात ‘देव नाही’ हे बंड नाही, रीत आहे. पणजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला सुरू झाला. बाबासाहेब पुढे, इथली बाजू दादासाहेब गायकवाडांनी सांभाळलेली. पाच वर्षं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब येवल्यात म्हणाले की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली.

कॉलेजात एक मैत्रीण मला समजावत होती की श्रद्धा हरवली की माणूस पोरका होतो. मी म्हटलं, आम्ही हरवली नाही गं, आम्हाला दारातच अडवलं. ती गप्प झाली. मग पुढच्या २ मार्चला आपणहून माझ्याबरोबर काळारामाच्या पूर्व दरवाज्यापाशी आली. ती आत दर्शनाला गेली, मी बाहेर थांबले. नंतर दोघींनी मिसळ खाल्ली. तिखट तिलाच झेपली नाही.

शरणपूर रोड

मुलाने चर्चला यायचं सोडलं. मी पाळकांकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले, त्याला साउंड सिस्टीमचं कळतं ना, नाताळात माइक सांभाळायला बोलवा. आला. उपासनेला बसत नाही, केबलजवळ उभा असतो. सध्या एवढंच.

दूधबाजार

नाव-गाव विचारू नका. आमच्यात हे मोठ्याने बोलायची सोय नाही, आणि भाऊ बोलतही नाही. रमजानमध्ये सहेरीला सगळ्यांच्या आधी उठून अब्बांसाठी चहा टाकतो. रोजा धरत नाही हे फक्त मला ठाऊक. दुपारी त्याच्यासाठी डबा लपवून ठेवायचा की नाही, यावर मी पहिल्या वर्षी खूप रडले. मी स्वतः पाच वेळा नमाज पढते. डबा ठेवते.

स्पष्टवक्ता

सगळे लाड चाललेत. आज मुंडण नको, उद्या लग्न रजिस्टर, परवा आईबापाला विद्युतदाहिनी. अशाने धर्म बुडणार.

बँकेतला

बुडायला जरा वेळ आहे. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक लिहिणारे अख्ख्या देशात सुमारे ३३ हजार. एका पर्वणीला रामकुंडाकडे याहून जास्त लोक येतात. धर्म सांगितलाच नाही असे मात्र २८ लाखांच्या वर. खरे न मानणारे त्यांत लपलेले असतील, किंवा घरात रोज आरतीला टाळ्या वाजवत असतील. माझ्यासारखे.

गोदाकाठची

@स्पष्टवक्ता, तुमचा राग मला कळतो, मीही तिथेच होते. पण त्या दिवशी घाटावर मुंडण केलेले आठजण होते आणि छत्री धरणारा एक. मला तेव्हा आठच दिसले.

‘दूधबाजार’, तुमचा डबा वाचून थांबले.

पुढच्या सोमवारी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. मुलाला फोन केला. ‘पिंडाला बसणार नाही, पण शनिवारी रात्री येतो, बाजार मी करतो’ म्हणाला. यादी पाठवली: कारली, गवार, अळू, आमसुलं, वड्यांचं पीठ दळून. लगेच उलट विचारतोय, ‘गवार नाही मिळाली तर दुसरं काय चालतं?’ मला नक्की माहीत नाही. सासूबाई म्हणतात गवारच हवी. रविवार कारंजाजवळ संध्याकाळी कोवळी मिळते का कुणाला ठाऊक?