विषय: पाडव्याला रोबोवाल्या काकांचा सत्कार

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
सोमवार, रात्री ९:४०

मिशिगनमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

पाडव्याच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव सुरू झाली आहे. दरवर्षीप्रमाणे एका सभासदाचा सत्कार करायचा आहे. यंदा एकच नाव पुढे आलं आणि त्यावर कार्यकारिणीत कोणी हूं की चूं केलं नाही, हीच खरं तर बातमी. फार्मिंग्टन हिल्सचे आपले काका, म्हणजे "रोबोवाले काका". हायस्कूलच्या रोबोटिक्स संघाला ते कित्येक वर्षं मार्गदर्शन करताहेत, एक पैसा न घेता.

शाल, श्रीफळ, मानपत्र आणि त्यांचं पाच मिनिटांचं मनोगत असा बेत आहे. त्यांच्या स्पर्धेत मेंटर लोकांसाठी वुडी फ्लॉवर्स यांच्या नावाचा पुरस्कार असतो असं कळलं. मंडळाच्या लेटरहेडवर त्यासाठी जोरदार शिफारसपत्र पाठवू या. मजकूर कोण लिहील?

कार्यक्रम पाडव्यानंतरच्या शनिवारी, नेहमीच्याच सभागृहात.

ता. क. बटाटेवड्यांसाठी वेगळी मेल पाठवली आहे. कृपया इथे वड्यांबद्दल लिहू नये.


प्रेषक: नोव्हायकर
सोमवार, रात्री १०:५५

सचिवमहोदय,

काकांबद्दल आदर आहेच, पण कोणी विचारत नाही म्हणून मीच वाईटपणा घेतो. सत्कार मंडळाचा, मग मंडळासाठी काय केलं हे बघायला नको का? त्या संघात मराठी मुलं असतील दोन नाहीतर तीन. बरं, संघाने काही जिंकलंय म्हणावं, तर गेल्या वर्षी अलायन्स सिलेक्शनमध्ये, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांसाठी संघ आपले साथीदार संघ निवडतात तेव्हा, त्यांना कोणी घेतलंसुद्धा नाही. मी स्वतः बघायला गेलो होतो.

आणि मुख्य म्हणजे, हे रोबो मुलं बनवतात का? दुसऱ्या एका संघाचा रोबो मी जवळून पाहिला. आमच्या ऑफिसातले डिझाइन इंजिनिअर मान खाली घालतील असं काम होतं. सोळा वर्षांच्या पोराचं ते काम आहे, यावर माझा विश्वास नाही. बापांनी बनवायचे, पोरांनी रिमोट धरायचा आणि कॉलेजच्या अर्जात लिहायचं, हे चालू असेल तर शाल कोणाला देतोय आपण?


प्रेषक: ट्रॉयची मावशी
मंगळवार, सकाळी ७:१०

मंडळासाठी काय केलं? गणपतीच्या देखाव्यात मोदक पळवणारा उंदीर होता, तो काय आपोआप हलत होता? काकांच्या संघातल्या मुलांनी गाडीच्या वायपरची मोटर लावून केला होता तो. त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढणाऱ्यांत नोव्हायकरही होते, माझ्याकडे आहे तो फोटो.

दुसरं म्हणजे सचिवांनी तारीख बघितली का? काल काकूंशी बोलले. त्या शनिवारी संघाची डिस्ट्रिक्ट स्पर्धा आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काका पिटमध्ये, म्हणजे संघांच्या रोबो-दुरुस्तीच्या जागेत. सत्कारमूर्तीच हजर नसतील, मग शाल काय वायपरवाल्या उंदराला घालणार?


प्रेषक: माजी विद्यार्थिनी, अ‍ॅन आर्बर
मंगळवार, दुपारी १२:३०

नमस्कार. मी २०१८ साली या संघातून बाहेर पडले. आईने ही मेल मला फॉरवर्ड केली आणि लिहायला बसवलं. शुद्धलेखन तिने तपासलंय, दोन-तीन शब्दांवरून आम्ही भांडलो.

नोव्हायकर काका, तुमच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण बाकीचे मुद्दे तितके अवघड नाहीत. मोठ्यांनी बनवलेले रोबो असतात. नियमात त्याला बंदीही नाही. ही स्पर्धा भरवणाऱ्या फर्स्ट या संस्थेचं म्हणणं असं की मुलांनी आणि मोठ्यांनी मिळून काम करावं, आणि कोणी किती करायचं ते ज्याच्या त्याच्या संघाने ठरवावं. त्यामुळे मुलांना बाजूला सारून स्वतःच पाना फिरवणारे मेंटर मीही पाहिलेत. आपले काका मात्र पार दुसऱ्या टोकाला. इतके, की कधी कधी राग यायचा.

२०१८ चा खेळ होता पॉवर अप. मैदानाच्या मध्यावर एक भलामोठा तराजू. पिवळं कापड चढवलेले दुधाचे क्रेट उचलून त्याच्या पारड्यात टाकायचे, आणि तराजू जेवढे सेकंद आपल्या बाजूला झुकलेला राहील तेवढे गुण. पारडं वर गेलं की माणसाच्या डोक्याच्या उंचीवर जायचं, म्हणून रोबोला लिफ्ट हवी. आम्ही कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आराखड्यात, झकास दोन टप्प्यांची लिफ्ट काढली. काकांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "लिफ्ट वर असताना जोरात ब्रेक मारला तर?" आम्ही म्हणालो, काही नाही होणार. "बरं," म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

चालवायला घेतल्यावर पहिल्याच संध्याकाळी रोबो तोंडावर आपटला आणि लिफ्टचा वरचा टप्पा वाकला. तेव्हा वर्षाचा खेळ जाहीर झाल्यापासून सहा आठवडे संपले की रोबो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील करावा लागायचा (२०२० च्या सीझनपासून ते गेलं), आणि तो दिवस अगदी तोंडावर आला होता. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करता, तुम्हाला हे माहीत होतं. सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "विचारलं होतं."

मग मात्र खुर्ची ओढून आमच्यात बसले. प्रत्येक चाकाखाली एक असे बाथरूममधले वजनकाटे लावून आम्हाला रोबो तोलायला लावला, म्हणजे गुरुत्वमध्य पुढे-मागे कुठे आहे ते कळतं. मग पुढची बाजू उचलून तिरक्या अवस्थेत पुन्हा तोलला, म्हणजे त्याची उंची निघते. सगळी आकडेमोड फळ्यावर, आमच्याच हातांनी. मार्कर त्यांनी एकदाही घेतला नाही. उत्तर आलं तेव्हा कोणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. जवळजवळ सहा किलोची बॅटरी आम्ही सोयीची म्हणून उंचावर बसवली होती, ती चाकांच्या मध्ये तळाला नेली. लिफ्ट जितकी वर तितका वेग कमी आणि ब्रेक हळू, असं कोडमध्ये घातलं. तळाला नुसता लोखंडाचा तुकडा ठोकता आला नसता, कारण बॅटरी आणि बंपर सोडून १२० पौंडांची मर्यादा होती आणि आम्ही ११९ वर होतो.

त्या वर्षी मैदानावर कितीतरी लिफ्टवाले रोबो आडवे झालेले पाहिले. आमचा एकदाही नाही झाला. ट्रॉफी मिळाली नाही हे खरं.

अलायन्स सिलेक्शनबद्दल. चाळीस संघांच्या स्पर्धेत आठ अलायन्स होतात, प्रत्येकी तीन संघ. म्हणजे सोळा संघ शनिवारी दुपारी रिकामे होणारच, काका. गेल्या वर्षी निवड झाली नाही तेव्हा काय झालं ते मला आत्ताच्या मुलांकडून कळलं. ज्या अलायन्सने यांना घेतलं नव्हतं, त्यांच्याच एका रोबोचा गिअरबॉक्स शेवटच्या फेऱ्यांतल्या एका सामन्याआधी गेला. पिटमधून घोषणा झाली. आपल्या मुलांनी स्वतःच्या रोबोतून तो काढून दिला आणि बसवायलाही गेली. काकांनी सांगितलं नव्हतं. ते पार्किंगमध्ये ट्रेलर भरत होते.

शिफारसपत्र मात्र चालणार नाही. वुडी फ्लॉवर्स एमआयटीत यांत्रिकीचे प्राध्यापक होते. सगळ्या विद्यार्थ्यांना सामानाची एकसारखी पेटी द्यायची, त्यातून यंत्र बनवायला लावायचं आणि शेवटी त्या यंत्रांची भर सभागृहात झुंज लावायची, हा त्यांचा वर्ग फार गाजला. डीन केमन यांनी १९८९ मध्ये फर्स्टची स्थापना केली, आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली स्पर्धा भरली, तिच्यामागे फ्लॉवर्सच्या त्या वर्गाचीच कल्पना होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून दिला जातो. ते स्वतः २०१९ मध्ये वारले. पुरस्काराची अट अशी की नामांकन विद्यार्थ्यांनी करायचं आणि निबंधही विद्यार्थ्यांनीच लिहायचा. एका संघाने एकच मेंटर सुचवायचा. लेटरहेड, पालकांची पत्रं, कशाचाही उपयोग नाही. मला ही अट फार आवडते. शिकवलं की नाही हे ज्याला शिकवलं तोच सांगणार.


प्रेषक: कँटनकर
मंगळवार, दुपारी ३:०५

मी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना रोबोकॉन, म्हणजे कॉलेजांची रोबो-स्पर्धा, केलंय. २०१४ मध्ये एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉनची आंतरराष्ट्रीय फेरी बालेवाडीला झाली, तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. जिंकले व्हिएतनामवाले. त्यांचे रोबो इतके शांतपणे काम करत होते की आपण काय करतो आहोत असं वाटलं.

आमच्याकडे मेंटर म्हणजे सीनियर. तिसऱ्या वर्षाचा पोरगा दुसऱ्या वर्षाच्याला शिकवणार, रात्री दोन वाजता, मॅगी खात. प्राध्यापक सहीपुरते. त्यातून खूप शिकलो, पण तेच तेच चुकायचोही, कारण चार वर्षांपूर्वी हीच चूक झाली होती हे सांगणारा माणूस पास होऊन गेलेला असायचा. वर्षानुवर्षं तिथेच थांबणारं एक माणूस असलं की केवढा फरक पडत असेल, हे वरची मेल वाचून लक्षात आलं.

ताई, रोबोचा कोड अजून जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतच आहे की पायथनवर गेला संघ? २०२४ पासून पायथन अधिकृतपणे चालतं असं वाचलं. विचारायचं कारण, मला थोडा वेळ देता येईल.


प्रेषक: संघाची विद्यार्थिनी, अकरावी
मंगळवार, संध्याकाळी ५:२०

सगळ्या काका-मावशींना नमस्कार. प्लीज ही चर्चा इथे थांबवाल का? आम्ही निबंध लिहितोय ते काकांना माहीत नाही. सरप्राइज आहे. आणि ते पण या लिस्टवर आहेत!!!


प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
मंगळवार, संध्याकाळी ५:२४

अरे देवा.


प्रेषक: फार्मिंग्टन हिल्स
मंगळवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी.

सगळ्या मेल वाचल्या. निबंधाबद्दलची तेवढी वाचली नाही असं समजा.

आधी एक दुरुस्ती. २०१८ मध्ये चारातला एक वजनकाटा खोटा दाखवत होता. मुलांना ते बेरजेवरून कळलं, मी सांगितलं नव्हतं. पाचवा काटा काकूंनी घरून आणला, तो अजून कार्यशाळेतच आहे आणि घरी त्याची अजून आठवण काढली जाते.

नोव्हायकरांचा प्रश्न योग्य आहे. मीसुद्धा पहिली दोन-तीन वर्षं मुलांच्या हातातून ड्रिल घ्यायचो. वेळ कमी असतो, भोक तिरकं पडताना दिसतं आणि हात आपोआप पुढे जातो. हात खिशात ठेवायची सवय मला मुलांनीच लावली. एक मुलगी एकदा म्हणाली, "काका, तुम्हीच करणार असाल तर मी घरी जाऊन गृहपाठ करते."

शाल नको. गंमत म्हणून सांगत नाही. घरी कपाटात आधीच तीन आहेत.

त्याऐवजी एक मदत हवी आहे. मुलांबरोबर कायम दोन प्रौढ असावे लागतात. माझ्याबरोबरच्या मेंटरची नोकरी टेक्सासला गेली, त्यामुळे किकऑफपासून, म्हणजे यंदाचा खेळ जाहीर झाल्यापासून, मंगळवारी कार्यशाळा उघडताच येत नाही. आज मंगळवार होता. मुलं लायब्ररीत बसून कॅड करत होती आणि रोबो कुलपात. जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्याची एक संध्याकाळ जाणं फार महागात पडतं.

मंगळवारी सहा ते नऊ कोणीतरी येऊन बसा. काम काही नाही. इंजिनिअर नसलात तर उत्तम, मोह कमी होतो. आधी नोंदणी करून पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म भरावा लागतो. तो मंजूर व्हायला दिवस लागतात, तेव्हा विचार करत बसू नका. सेफ्टी चष्मा आम्ही देतो. कँटनकर, कोड जावामध्ये आहे, पण मुलांना पायथन हवंय आणि मला दोन्ही येत नाही. तुम्ही याच.

स्पर्धेच्या शनिवारी कोणाला यायचं असेल तर प्रवेशाला पैसे नाहीत. पिटमध्ये सेफ्टी चष्म्याशिवाय सोडत नाहीत आणि खाणं नेऊ देत नाहीत. वडे गाडीतच ठेवा.


प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
बुधवार, सकाळी ८:१५

कार्यकारिणीचा फोनवर निर्णय झाला. पाडव्याचा कार्यक्रम रविवारी. सभागृह मिळालं, फक्त ढोलताशावाल्यांना पुन्हा विचारावं लागेल. शाल-श्रीफळ रद्द, मानपत्र मात्र होणार, काका, त्याला नाही म्हणू नका, छापायला गेलंय. सत्काराच्या खर्चातून उरलेले पैसे संघाच्या जेवणाकडे वळवावेत असं खजिनदार म्हणताहेत. खजिनदार स्वतःहून पैसे देताहेत, तेव्हा लगेच मंजूर केलं.

मंगळवारसाठी आतापर्यंत आलेली नावं: कँटनकर, ट्रॉयच्या मावशी (विणकाम घेऊन येणार, चालेल ना?). एक जागा अजून रिकामी आहे, कोणी आजारी पडलं तर.


प्रेषक: नोव्हायकर
बुधवार, सकाळी ९:०२

उंदराचा फोटो लिस्टवर टाकू नये ही विनंती.

माझा तिसरा मुद्दा अजून जागच्या जागी आहे. रोबो कोण बनवतं ते स्वतः बघितल्याशिवाय मी मागे घेणार नाही. तिसरं नाव माझं लिहा, फॉर्म रात्री भरला. पार्किंग कुठल्या बाजूला?


प्रेषक: फार्मिंग्टन हिल्स
बुधवार, सकाळी ९:०६

मागे, लोडिंग डॉकजवळ. मावशींचं विणकाम चालेल, पण सैल बाह्या आणि लोंबती ओढणी लेथपासून लांब. बूट बंद हवेत. नोव्हायकर, हात खिशात.